चिलखताचे पट्टे

जुईलीचं बाळंतपण उरकून मी नाशिकहून कुवेतला, महबूल्यातल्या आमच्या घरी परतले, त्याला आठवडा झाला होता. मी जाण्याच्या महिनाभर आधी नवऱ्याच्या, सुदेशच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. छातीपासून कमरेपर्यंत कडक प्लास्टिकचं जॅकेट, आणि पट्टे पाठीमागे. ते रोज सकाळी मीच आवळायचे. लेकीकडे जाताना जीव टांगणीला लागला होता, याचे पट्टे आता कोण बांधणार? फोनवर हा म्हणायचा, "दाराच्या कडीला अडकवून ओढतो. जमतं मला." इंजिनिअरचं डोकं बघा, असं मी विहिणीलासुद्धा ऐकवलं होतं.

डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलं म्हणून शुक्रवारी संध्याकाळी दस्मानजवळच्या एका म्युझियममध्ये गेलो. मला शस्त्रास्त्रांत काडीचा रस नाही, पण आत एसी होता. एका काचेत इटलीतल्या कुठल्याशा योद्ध्याचं चिलखत टांगलं होतं, दोन हजार वर्षांहून जुनं. छातीवर ब्राँझच्या तीन गोल तबकड्या, पाठीवर तशाच तीन, आणि दोन्ही कुशींत त्यांना जोडणारे पट्टे.

"डब्यांची झाकणं जोडल्यासारखं दिसतंय," मी म्हटलं. "आणि एकट्याने कसं चढवणार? बायकोच लागत असेल बांधायला."

सुदेश हसला. काचेकडे बोट दाखवून सहज म्हणाला, "आधी डावीकडचा. हात वर करायचे, श्वास सोडायचा, मग उजवीकडचा. नाहीतर बरगडीत रुततं."

मी नेहमी उजवीकडचा आधी बांधते. श्वास सोड असं मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. आणि दाराची कडी काही कुणाला श्वास सोडायला सांगत नाही.

"कोण बांधत होतं?" मी विचारलं.

खोटं बोल, असं मी मनातल्या मनात त्याला विनवत होते. त्याचं बोट काचेवरून खाली आलं.

"राजश्री."

राजश्री आमच्याच मजल्यावर एकटी राहते, नर्स आहे. कुंड्यांना पाणी घाल म्हणून जाताना मीच तिला घराची किल्ली दिली होती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातली गत.

"मदतच होती, तर मग कडीची गोष्ट कशाला सांगितलीस?"

"आधी मदतच होती," तो म्हणाला.

मी बाकावर बसले. नवल म्हणजे तेव्हा मला त्या दोघांचं काहीच दिसत नव्हतं. एवढंच कळत होतं की महिनाभर माझ्या हातून त्याला रुतत होतं, आल्यावरही आठवडाभर रुतत होतं, आणि तो मला एका शब्दाने बोलला नव्हता. तिला बोलला होता. तेच मला सोसवेना.

घरी जायला उठलो, तर चालून चालून त्याचं जॅकेट सैल झालेलं. दुखत असावं, चेहरा ओढला होता. सवयीने तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि मग एकदम भान येऊन म्हणाला, "राहू दे."

"हात वर कर," मी म्हटलं. "श्वास सोड."

मी डावीकडचा पट्टा आधी ओढला, मग उजवीकडचा.

"रुततंय?"

"नाही," तो म्हणाला, आणि रडायला लागला.