खोडलेले सात

लेसिएलीचं डोकं तापलं होतं. संगणकावर स्वरलिपी लिहायच्या प्रोग्राममध्ये सात टाकला की सात यायचा, पण रेघवाला सात मागितला की रिकामा चौकोन. त्यांच्या कोलोवाई गावात सुरांसाठी आकडे लिहितात आणि सगळे ते बघूनच गातात. आकड्यावर तिरकी रेघ दिसली की सूर अर्धा चढवायचा. लेसिएलीच्या बापाच्या आठवणीत आत्यानं चाल बांधली होती, आयुष्यातली पहिलीच. रविवारी ती चाल ऑकलंडच्या चर्चमधली मंडळी गाणार होती. ते चार सात चढले नाहीत, तर चालीत राहतं काय?

शेवटी तिनं चिन्हांच्या यादीतून शार्प, सूर चढवायचं # हे चिन्ह, उचललं आणि सातापुढं चिकटवलं.

कालोलाइने आत्यानं चष्मा सारखा केला. "सातापुढं कुंपण कशाला घातलंस? डुकरं शिरतात काय?"

"हेच चिन्ह असतं, आत्या. सगळं जग हेच वापरतं."

"जग येणारेय का गायला?"

बापाची थोरली बहीण. तिच्यापुढं उलट बोलायची सोय नव्हती. लेसिएलीनं दातओठ खात एक सुटी रेघ घेतली आणि सरकवत सरकवत सातावर आणून ठेवली. चार सात, चार रेघा. मग कागद ऑकलंडला पाठवून दिला.

शुक्रवारी आत्याच्या पोराचा, तानिएलुचा, ऑकलंडहून फोन आला. आत्यानं स्पीकर लावला.

"आई, झकास बसलंय. ते चार सूर तुम्ही खोडलेत ना, तिथं आम्ही श्वास घेतो."

लेसिएली उसळली. "खोडलेत? अरे येड्या, सूर चढवायचाय, गिळायचा नाही."

आत्यानं नुसतं तिच्याकडं बघितलं. आत्याच्या पोराशी असं बोलत नाहीत. लेसिएली खाली बसली.

"दादा, ती रेघ सूर चढवायची आहे," ती हळू म्हणाली.

"आम्ही इथं वाढलेली पोरं गं, आम्हाला काय कळणार? गाऊन दाखवा ना."

आत्यानं सुरुवात केली. भावाच्या नावापाशी आवाज फुटला. परत घेतलं, परत फुटला. तिनं फोन लेसिएलीकडं ढकलला.

बाप गेल्यापासून लेसिएली गायली नव्हती. कुणी म्हटलं तर उठून जायची. आता उठून जाणार कुठं? तिनं घसा खाकरला आणि गायला लागली. पहिला सात, दुसरा. तिसरा खरखरला, पण चढला. चौथा नीट लागला.



"थांब हां," तानिएलु म्हणाला. "सगळ्यांना बोलावतो. परत गा."

फोनमध्ये खुर्च्या सरकल्या. लेसिएली पाणी प्यायली आणि तिनं पहिल्यापासून सुरू केलं. आत्या मांडीवर ठेका धरून बसली.