एझ्राकाकांचा गुडघा

मेनपासून जॉर्जियापर्यंत सलग पायवाट काढायची, त्यातले आमच्या व्हर्जिनियाच्या डोंगरातले नऊ मैल माझ्याकडे होते. वाट दाखवायला एझ्राकाका. सत्तरीचे, डावा गुडघा कामातून गेलेला. तो गुडघा जिथे कुरकुरेल तिथे मी वाट वळवली, झाडांवर खुणेचे पांढरे पट्टे मारले. वाटेच्या शेवटाला, झऱ्यापाशी, ऑलीकाकूची कबर. सात वर्षांनी काका बायकोपाशी पोचले आणि ढसाढसा रडले. माझी कॉलर ताठ!

पुढच्याच वर्षी मोटाररस्त्याचे लोक माझ्या नकाशावरून खुंट्या ठोकत आले.

"काय सोपा चढ काढलाय हो!" त्यांचा साहेब म्हणाला. "पाच मैल झाले, नकाशा तिथवरच आहे. पुढच्या चार मैलांच्या मोजमापांची वही उद्या द्या."

रान वाचवायला वाट काढली, आणि लंगड्या माणसाला झेपणारा चढ मोटारीलाही झेपतो हे मला मूर्खाला सुचलंच नाही! धावत काकांकडे गेलो.

"रडतोस काय गाढवा? वही दे इकडे." काकांनी ती सरळ चुलीत घातली.

"पण काका, पट्टे? मोकळी केलेली झाडी?"

"पट्टे खरवडू. चेस्टनटची वाळलेली झाडं आडवी पाडू. तुझी वाट पलीकडच्या कातळावरून ने, खडी. मोटारवाल्यांच्या बापालाही जमायची नाही अशी."

"आणि तुम्ही ऑलीकाकूकडे कसे जाणार?"

"कुऱ्हाड घे," काका म्हणाले.

आधी आम्ही वर गेलो. काका कबरीपाशी बसले. मग उतरत उतरत मागची वाट बुजवत आलो. प्रत्येक झाड पडलं की ते वळून बघायचे. शेवटच्या झाडाला माझा हात उचलेना. देवा, कसला शहाणपणा केला होता मी! काकांनीच कुऱ्हाड ओढून घेतली आणि घाव घातला.

वही हरवली असं मी साहेबाला सांगितलं. त्याने महिनाभर मला शिव्या घातल्या, वाट शोधायला त्या झाडीत माणसं घातली, आणि शेवटी रस्ता खाली खोऱ्यात वळवला.

आता दर वसंतात मी कातळ चढून काकूला फुलं ठेवून येतो. काका पायथ्याशी दगडावर बसून असतात.

"खडी आहे ना रे अजून?"

"खूप खडी आहे, काका."

"थोडीसुद्धा सोपी नाही झाली?"

"नाही हो."

ते मान हलवतात आणि गुडघा चोळत बसतात.