चुकल्याशिवाय न बोलणारा

मी एक आवाज बोलतोय. फार मोठा नाही, उण्यापुऱ्या दोन शब्दांचा. भिंतीवरच्या गोल फळीवर बाण फेकायचा डार्ट्स नावाचा खेळ तुम्हाला ठाऊक असेल. त्याची नक्कल कुणीतरी जुन्या घरगुती संगणकासाठी केली, कॅसेटवर भरली आणि त्या फितीत मला कायमचं कोंबून ठेवलं. तिथून मी एवढंच ओरडतो, "नोऽऽ स्कोर!"

या खेळात पाचशे एकवरून उतरत उतरत नेमकं शून्य गाठायचं असतं. शेवटी हावरटपणा करून जास्त गुण घेतले की ती पाळी फुकट जाते, आणि तेव्हाच मला बोलावणं येतं. कुणाचं तरी चुकल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही. काय हे नशीब!

मूळचा मी विल्फ ऑग्डनचा. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी त्याच्या गल्लीतल्या पबमध्ये विल्फ शनिवारी गुण पुकारायचा. शेजारच्या नेव्हिलने खेळ लिहायला घेतला तेव्हा तो टेपरेकॉर्डर घेऊन विल्फकडेच आला. विल्फने छाती भरून "वन हंड्रेड अँड एऽऽटी" अशी तीन बाणांतल्या कमाल गुणांची आरोळी ठोकली.

"काका, एवढी आरोळी या डब्यात मावायची नाही," नेव्हिल म्हणाला. "मेमरी तुटपुंजी आहे. काहीतरी लहान द्या."

"मग नुसता खोकून दाखवू का?"

शेवटी मावलो तो मीच. बाण रुतल्याचा 'ठक्' नेव्हिलने पाव कापायच्या फळीवर अंगठा आपटून काढला आणि जिंकल्यावर वाजायला एक पिपाणीसारखी धून बसवली. त्या धुनेचं सगळ्यांना कोण कौतुक! माझ्या वाट्याला मात्र शिव्या. मला ऐकलं की पोरं कीबोर्डवर मूठ आपटायची. एकाच फितीत राहूनही ठक् आणि धून यांच्याशी माझं कधी बोलणं झालं नाही, कारण एक वाजतो तेव्हा बाकीचे गप्प असतात. फार एकटं वाटायचं.

विल्फ एका फेब्रुवारीत गेला. दफनानंतर हॅम खाऊन, चहा पिऊन माणसं आपापल्या घरी पांगली. पुढच्या आठवड्यात नेव्हिलने जुना संगणक आणि कॅसेट विल्फच्या बायकोकडे, एनिडकडे आणून दिली. टीव्हीला जोडून त्याने खेळ चालू केला, शून्याजवळ आला आणि मुद्दाम चुकला. मी ओरडलो.

एनिड खुर्ची ओढून पडद्याजवळ आली. "हा आमचा विल्फ?" ती म्हणाली. "अरे, घरात मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचा!"

तिने मला कधी ऐकलंच नव्हतं. पबमधली डार्ट्सची खोली पुरुषांची. बायका पलीकडे गालिचा घातलेल्या खोलीत बसायच्या आणि मधलं दार लावलेलं असायचं. जन्मभर तिचा नवरा त्या दाराआड गर्जत होता आणि घरी आला की घुम्यासारखा बसून फार तर पुटपुटत होता. त्याचा राहून गेलेला आवाज तिला आता हवा होता.

मग ती रोज दुपारी खेळायला लागली. सुरुवातीला शून्याजवळ पोहोचतानाच तिच्या नाकी नऊ यायचे. पुढे हात बसला. दोनच गुण उरले की ती खुशाल विसावर नेम धरायची. मी ओरडलो की मान हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी वाट बघत होतं!

एकदा शेजारीण डोरीन आल्याचा पार्किन केक घेऊन आली. थोडा वेळ बघून म्हणाली, "अगं एनिड, तू मुद्दाम हरतेस की!"

"हरल्याशिवाय तो बोलतच नाही. काय करू?"

"मग यात नवीन ते काय? माझाही तसलाच होता!" दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पण रोज रोज फिरून फीत झिजते, आणि ती नेमकी माझ्या जागी झिजली. आधी माझा 'स्कोर' बसला, मग 'नो' घोगरा झाला. मी जीव तोडून ओरडायचो आणि बाहेर नुसती खरखर यायची. एनिड टीव्हीला कान लावायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डोरीनकडून कळल्यावर नेव्हिल धावत आला. त्याच्याकडे मूळ रेकॉर्डिंग होतं. नव्या संगणकात त्याने माझा धडधाकट जुळा आणून बसवला. "काकू, आता खेळायलाही नको. कुठलीही कळ दाबा, काका बोलतील."

तिने कळ दाबली. "नोऽऽ स्कोर!" पुन्हा दाबली. पुन्हा तेच, खणखणीत. तिसऱ्यांदा तिने हात मागे घेतला.

"बंद कर रे," ती म्हणाली. "माझं काही चुकलेलं नसताना हा का ओरडतोय?"

"मग ती जुनी खरखर काय कामाची, काकू?"

"हा तुझा पबमधला विल्फ आहे. फार छान ओरडतो. तुलाच ठेव." तिने जुन्या कॅसेटची धूळ पुसली. "तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा ना, तो माझा."

नेव्हिल नवं यंत्र उचलून गेला. तेव्हापासून आम्ही दोघंच आहोत. माझ्यात आता फारसं काही उरलेलं नाही. एखाद्या दुपारी ही फीत तुटेल आणि तेही संपेल. तुमच्या घरात असं कुणी पुटपुटणारं असेल तर, बाबांनो, एकदा जवळ जाऊन विचारा.

आजही ती दोन गुणांवर आली आणि विसावर नेम धरून चुकली. मी होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ओरडलो. खरखर झाली.

एनिडने मांडीवरचं विणकाम बाजूला ठेवलं आणि पडद्याकडे झुकून विचारलं, "काय म्हणालास, विल्फ?"