नाहीवाल्या बाई

या, असे जवळ येऊन बसा. दारात उभ्याने ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. एका बहिणीची आहे, तिच्या वैतागाची आहे, आणि देवाने मोजून दिलेल्या श्वासांची आहे. सगळी सांगितल्याशिवाय तुम्हाला उठू द्यायची नाही!

तर ही बहीण औषधांच्या दुकानात काम करायची. डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय गोळी हातावर ठेवायची नाही. धाकटा भाऊ गाड्या विकायचा. जिभेवर साखर आणि पायाला भिंगरी. तीन वर्षांपूर्वी दोघं पाण्याखालच्या गुहेत उतरायला शिकले होते, पण गुहेच्या तोंडाचा उजेड दिसत राहील तेवढंच आत. त्यापुढचं शिक्षण वेगळं, ते दोघांकडेही नव्हतं. आता चार दिवसांची सुट्टी काढून गुहांच्या गावी आले होते. निघताना आई तिला एवढंच म्हणाली होती, "त्याला नेतेस तसा परत आण." ते एक वाक्य बहिणीच्या छातीवर दगडासारखं बसलेलं.

चारातले दोन दिवस गुहेत नेणारं दुकान निवडण्यातच गेले.

पहिल्या दुकानात ती म्हणाली, "एका वाटाड्याबरोबर किती जण?"

"आठ. मजा येते, ताई!"

"आत दोरी बांधता का? परतीची वाट सापडायला?"

"दोरी कशाला? आमच्या पोरांना गुहा घरासारखी पाठ आहे."

"गाळ उठला की घरात स्वतःचा हात दिसत नाही," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दुकानात गारेगार सरबत, भिंतभर फोटो, मऊ खुर्च्या. टॉर्च मात्र माणशी एक.

"आणि तो विझला तर?"

"विझत नाही हो, मॅडम. नवा आहे."

बाहेर पडल्यावर धाकटा फुटपाथवरच थांबला. "ताई, तू गुहा बघायला आलीस की परीक्षा घ्यायला? त्या फोटोत गुहेतला मोठा दिवाणखाना बघितलास? काय ती जागा! मला तिथेच जायचंय."

"तो दिवाणखाना दोन वळणांच्या पलीकडे आहे. तिथून उजेड दिसत नाही."

"तुला दुपारी बारालासुद्धा उजेड दिसत नाही!"

तिने कपाळावर हात मारला. ऊन, घाम, पायाला फोड, आणि हा बैल एका जागी उभा.

तिसरं दुकान गल्लीच्या टोकाला. फोटो नाहीत. टेबलावर स्क्रू, रबराच्या चकत्या आणि चष्मा नाकावर ओढून त्यात डोकं घातलेल्या एक बाई. बहीण तोंड उघडणार तोच त्यांनीच विचारलं, "शेवटचं पाण्यात कधी उतरलात?"

"दोन वर्षं झाली."

"मग उद्या गुहा नाही. आधी मागच्या हौदात सराव."

"आणि मोठा दिवाणखाना?" धाकट्याने साखर पेरली. "तेवढं बघा ना, मावशी."

"नाही. आणि मी तुमची मावशी नाही."

"फोटो तरी काढून द्याल?"

"नाही."

"ताई, या नाहीवाल्या बाई आपल्याला घेतील तरी का?" तो कुजबुजला. बहिणीला मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा गार वाटलं. आपल्यासारखंच कुणीतरी भेटलं!

तिसरा दिवस हौदात गेला. दोरी धरून, डोळे मिटून, एकमेकांचा खांदा चाचपत. धाकटा दात ओठ खात होता. शेवटी बाईंनी दोघांना नवे सिलिंडर लावले आणि बहिणीला विचारलं, "परत कधी फिरायचं?"

हे तर तिला झोपेतही येत होतं. एक भाग हवा आत जायला, एक भाग बाहेर यायला, तिसरा राखून ठेवायचा. तिने सिलिंडरवरचा हवेचा काटा पाहिला. "दोनशे दहा आहे. म्हणजे एकशे चाळीसवर फिरायचं."

"नाही."

"नाही कसं? तिसरा भाग सत्तर..."

बाईंनी धाकट्याचा काटा तिच्यासमोर धरला. एकशे ऐंशी. "यांचा तिसरा भाग साठ. कमी हवा ज्याची, हिशोब त्याचा. तुम्ही स्वतःचा काटा धरून सत्तर वापरायला निघालात. तो राखलेला भाग कुणासाठी असतो? दुसऱ्याचा श्वास अडला तर त्याच्यासाठी. तुम्ही सगळ्या गावाला प्रश्न विचारलेत, पण शेजारच्याचा काटा पाहिला नाहीत."

बहिणीचा चेहरा उतरला. आईचं वाक्य उरावर घेऊन वणवण फिरली, आणि ज्याच्यासाठी फिरली तोच मोजायचा राहिला! धाकटा टोमणा मारेल म्हणून ती थांबली. तो मात्र हळूच म्हणाला, "माझी हवा लवकर संपते, ताई. मीच सांगायला हवं होतं."

चौथ्या दिवशी बाईंनी त्यांना लहान गुहेत नेलं. बाई पुढे, हातात दोरीचं रीळ, प्रत्येकाकडे तीन टॉर्च. आत निळ्या उजेडाचा झोत छतातून खाली उतरला होता, देवघरातल्या समईसारखा शांत. अजून दहा हात पुढे गेलं असतं तर तो अंगावर घेता आला असता. बहिणीच्या काट्यावर अजून भरपूर होतं. पण ती धाकट्याच्या काट्याकडे बघत होती. एकशे वीस. त्याचे साठ संपले होते.

तिने हात उचलायच्या आधीच त्याने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच, चला परत. तिने झोताकडे एकदा पाहिलं आणि वळली.

वर आल्यावर धाकट्याने तोंडावरचं पाणी निपटलं. "दहा हात राहिले गं," तो चडफडला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि ओल्या हातांनीच आईला फोन लावला. "आई, माझ्याबरोबर आहे तो. बडबडतोय."

आता उठा, पण एक करा. कुठे खोल जायची घाई झाली आणि जो तो हो म्हणायला लागला, की स्क्रूत डोकं घातलेल्या त्या नाहीवाल्या बाईंची आठवण काढा.