जाडतारे

यंत्र नवंकोरं होतं, खोली रिकामी करून ठेवली होती. घोडं अडलं होतं वायरपाशी. ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करणारं ते धूड सहा किलोवॅट खेचणार, आणि प्रसूतिगृहाच्या त्या मागच्या खोलीत आजवर जळला होता एक दिवा. म्हणजे भिंतीत असणार दीड एमएमची वायर. तिच्यावर हे यंत्र चालवणं म्हणजे भिंतीतच चूल पेटवणं.

भिंत फोडायची तर दोन दिवस मोडणार, आणि भिंतीपलीकडे कालची बाळं झोपलेली. जुनं यंत्र बंद पडलेलं, उद्या सकाळी एका बाईचं सिझेरियन ठरलेलं. आज होईल का, असं डॉक्टरबाईंनी वायरमनच्या लेकीला विचारलं. आता धंदा तीच बघायची. बघते म्हणाली खरी, पण मनातून तिनं आशा सोडली होती.

बाबांना घरी एकटं ठेवता येत नसे, म्हणून ते दाराशी स्टुलावर बसलेले. तीस वर्षांपूर्वी इथलं वायरिंग त्यांनीच केलेलं. आता लेकीचं नावही धड आठवत नव्हतं. गरजेपेक्षा जाड वायर टाकायची त्यांची खोड, म्हणून सगळे त्यांना ‘जाडतारे’ म्हणत. चारचौघांत लेकही हसली होती.

तिनं मेन बंद केला, बोर्ड उघडला आणि बघतच राहिली. एका दिव्यासाठी चांगली सहा एमएमची तांब्याची वायर! मेनपासून इथवर मध्ये एकही जोड नाही. बापाची म्हणून तिनं सूट दिली नाही; मेगर मीटर लावून वायरचं आवरण कुठं विरलं नाही ना ते तपासलं, योग्य ब्रेकर बसवला, यंत्र तासभर पूर्ण भारावर चालवलं. मग मेन बंद करून वायरला हाताची पाठ लावली. जेमतेम कोमट.

ती बाबांसमोर उकिडवी बसली.

"बाबा, इथं एकच दिवा होता ना? मग एवढी जाड कशाला टाकलीत?"

"दिव्याचं काय, तो आजचा," ते म्हणाले. "उद्या भिंत फोडायची वेळ आली तर? आत माणसं असतील."

आपण हसलो होतो याची तिला लाज वाटली. बोर्डाच्या झाकणावर आतून तिनं पेन्सिलीनं लिहिलं: सहा एमएम. टाकली जाडतारे यांनी. तपासली जाडताऱ्यांच्या लेकीनं.