बिनपगारी

"पगार किती होता?" व्हिसाच्या एजंटाने विचारलं.

"नव्हता," सिस्टर म्हणाली.

"नव्हता म्हणजे किती?"

काय हा दीडशहाणा! सिस्टरने त्याला नखशिखांत न्याहाळलं. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत टेबल, त्याहून गुळगुळीत जीभ. मठातल्या बायका पगार घेत नाहीत, तसं व्रतच असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. मिशनच्या दवाखान्यात ती उभी हयात नर्स म्हणून राबली. तिच्या हाताला छदाम लागला नव्हता आणि त्याचा तिला ताठा होता.

तिला मठात आणणारी सख्खी मावशी परदेशातल्या मठाच्या शुश्रूषागृहात अंथरुणाला खिळली होती. तिची सेवा आपल्या हातून व्हावी, एवढीच सिस्टरची इच्छा.

एजंटाने दोन वाटा सांगितल्या. नर्सच्या व्हिसाला पगारी अनुभव हवा. फुकट केलेली नोकरी तिथे नोकरीच नव्हे. धर्मकार्याच्या व्हिसावर प्रार्थना हवी तेवढी करा, पण रुग्णाला हात लावायचा नाही. सापडलात तर तुमची परत पाठवणी आणि शुश्रूषागृहाला टाळं. मग आवाज खाली आणून म्हणाला, दवाखान्याने पगार दिल्याचं लिहून दिलं की काम फत्ते.

सोबतची मदर वयाने धाकटी, पण मठाची आणि दवाखान्याचीही मुख्य. ती लगेच विरघळली. चांगल्या कामासाठीच आहे, मी सही करते, म्हणाली.

"पगार घेतला नाही, एवढीच माझी जन्माची कमाई," सिस्टर म्हणाली. "तीही पुसून टाकू?"

दोघांनाही मनातल्या मनात शेलक्या शिव्या देत ती धर्मकार्याच्या व्हिसावर गेली.

तिथे मावशीसाठी एक पगारी बाई होती. पगार मोजून घेणारी आणि अकलेने शून्य, हे सिस्टरचं मत पहिल्याच दिवशी झालं. कूस बदलताना ती मावशीला पोत्यासारखं ओढायची. मावशी कण्हायची आणि सिस्टर दात-ओठ खात बघत बसायची.

एका दुपारी मावशी म्हणाली, "तू कर ना गं. तुझा हात हलका आहे."

सिस्टर ताडकन उठली, खाटेपाशी गेली. पलीकडे ओळीने म्हाताऱ्या पडल्या होत्या. टाळं लागलं तर त्या कुठे जाणार? आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्याच ताठ्याची चीड आली. तिने दोन्ही हात झग्याच्या बाह्यांत खुपसले आणि त्या बाईकडे वळली.

"आधी गुडघा वाकव तिचा. हं. आता खांद्याखाली हात घाल," ती म्हणाली. आवाजात अजिजी होती. "ओढू नको, बाई. हळू."