खोलीचा आवाज

ताईला आताशा शांतता या शब्दाचाच वीट आला होता. संस्थेच्या फलकावर शांतता, पत्रांवर शांतता, चहाच्या कपावरसुद्धा शांतता. टेकडीवरच्या आणि नदीकाठच्या पोरापोरींना एका खोलीत बसवून माहितीपट करायला शिकवायचं, हे तिचं काम. दोन्ही समाज मूठभर, बाकीचा देश दोघांनाही धड ओळखत नव्हता, तरी एकमेकांची दुकानं जाळायला यांना बरा वेळ सापडला होता. शिबिर संपलं की मुलं लग्नांच्या शूटिंगला लागत, आणि ताई पुढच्या तुकडीला कॅमेरा कसा धरायचा हे पहिल्यापासून सांगायला लागे.

या तुकडीत टकळी होती. खरं नाव हजेरीत असेल, पण तोंड म्हणून मिटायचं नाही, तेव्हा सगळे टकळीच म्हणत. तिचा बाप टेकडीवरचा, बाइंडर. नदीकाठच्या एका माणसाबरोबर त्याचं भागीदारीत पुस्तकबांधणीचं दुकान होतं, आणि त्या भागीदाराला काका म्हणतच टकळी मोठी झाली. दंगलीत दुकान जळलं. बाप म्हणायचा, जमावात याचा पुतण्या होता, तेव्हा याला आधी कळलं असणारच. भागीदार म्हणायचा, इतकी वर्षं एका डब्यात जेवलो, आणि माझी किंमत एवढीच? डागडुजी झाली ती मधोमध पत्रा ठोकूनच. अलीकडे एकाची खळ शिजे, पलीकडे दुसऱ्याची, आणि दोघांत चकार शब्द नाही.

टकळीने माहितीपटाला विषय घेतला तो हाच. दोघांच्या वेगवेगळ्या मुलाखती झाल्या, दोघांनी एकमेकांच्या नावाने मनसोक्त बोटं मोडली, आणि फिल्मचा शेवट काही सापडेना.

ताईने मुलांना एक सवय लावली होती. मुलाखत झाली की सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसता खोलीचा आवाज घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, बोलण्याचे तुकडे जोडताना ती मधल्या फटींत भरावी लागते. टकळीने हे जरा जास्तच मनावर घेतलं. दुकान मुळात दोघांचं, तर त्याचा आवाज दोघांना एकत्र बसवूनच घ्यायला हवा, असं तिच्या डोक्यात बसलं. फक्त आवाज घेणार, चित्र नाही, असं दोघांना कबूल करून तिने काकांना पत्र्याच्या अलीकडे आणलं. पोरीचा शब्द मोडवेना म्हणून दोघे एका बाकावर बसले. नेमकी तेव्हाच रेकॉर्डरची बॅटरी संपली. मुलाखतीचा कॅमेरा स्टँडवर तसाच होता. तिने आवाज त्याच्यावरच घेतला, आणि त्याबरोबर चित्रही आलं.

ते चित्र संकलनाच्या खोलीत ताईने पाहिलं, आणि तिच्या मागे उभं राहून संस्थेच्या साहेबांनीही पाहिलं. दोघे मूग गिळून बसलेले. बापाची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. भागीदाराने ती पाहिली. त्याचा हात उठला, कॉलरपर्यंत गेला आणि परत मांडीवर आला.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. हात पोचला तिथेच कापा, वर थोडं संगीत टाका, पुढच्या वर्षीचं शिबिर मंजूर झालंच समजा. ताईला यात नवल वाटलं नाही. असे कितीतरी हात तिने आजवर हवे तिथे कापले होते, आणि टाळ्याही पडल्या होत्या.

टकळी मात्र कधी नव्हे ती गप्प होती. साहेब गेल्यावर म्हणाली, "ताई, हात मागे आला होता. आणि मी बाबांना चित्र नाही म्हणून सांगितलंय."

ताईला खरं तर घरी जाऊन पाठ टेकायची होती. पण ज्याचं चित्र, त्याला आधी दाखवायचं, हा नियम तिनेच घालून दिला होता. लॅपटॉप उचलून ती पोरीबरोबर दुकानात गेली. पत्र्यापलीकडे कुलूप होतं.

बाइंडरने हात पुसले आणि पाहायला बसला. चित्र घेतलंय हे कळताच तो लेकीवर उखडला. मग हात वर आला, आणि तो बोलायचा थांबला. त्या दिवशी तो खाली बघत बसला होता. हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"परत लाव," तो म्हणाला.

तिने परत लावलं. मग आणखी एकदा.

"मी वर पाहिलं," तो हळूच म्हणाला. "बघ. मी मान वर केली, म्हणून त्याने हात मागे घेतला."

ताई वाकली. खरंच होतं. तिची सगळी नजर हातावर होती, मान तिला दिसलीच नव्हती. ताईला लाज वाटली आणि त्या माणसाची फार दया आली.

"हे कुणाला दाखवायचं नाही," बाइंडर म्हणाला. "त्याला कळलं ना, तर तो या बाजूला पाऊल टाकणार नाही. पुसून टाक."

टकळीने ताईकडे पाहिलं. ताईला साहेब दिसले, पुढचं वर्ष दिसलं. तिने मान डोलावली, आणि पोरीने चित्र पुसलं.

बाप उठला, खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

"त्यातच तो आवाज होता ना? तोही गेला?"

"गेला," टकळी म्हणाली.

"मग परत घ्यावा लागेल?"

आवाज वेगळा काढून ताईने सकाळीच जपून ठेवला होता, टकळीला ते ठाऊक नव्हतं. टकळी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "घ्यावा लागेल. दोघांना बसवूनच."

"बोलव मग त्याला," बाइंडर लेकीला म्हणाला. "या वेळी मी वर बघत नाही."